चार दिवस आधी आणलेला गणपती

गणपती आठ दिवसांवर आले की महाडातल्या आमच्या बिल्डिंगला अंगात आल्यासारखं होतं. खालच्या मजल्यावर पुठ्ठ्याचं मखर कापायला घेतात, वरच्या मजल्यावर आरत्यांवरून भांडणं सुरू होतात, आणि माझा नवरा एमआयडीसीतल्या सोबत्यांशी शिफ्टची अदलाबदल करत फोनवर गयावया करत बसतो. सगळे खुशीत असतात. मी मात्र पावसाचा जोर वाढला की टीव्हीचा आवाज कमी करते. मालिका ऐन रंगात आलेली असते, सासूबाई ओरडतात, "अगं, ऐकू येत नाय!" मला तेच हवं असतं. टीव्ही नाही, बाहेरचं ऐकायचं असतं.

मी भित्री आहे. सांगायला लाज कसली? पण माझ्या भित्रेपणानेच एकदा माझ्या बाबांचा जीव जायची वेळ आली होती, आणि हे मी आजवर नवऱ्याखेरीज कुणाला सांगितलेलं नाही.

माझं माहेर पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीतली पंधरा-वीस घरांची वाडी. भाऊ मुंबईला, तो चतुर्थीच्या आदल्या दिवशी बायकापोरांना घेऊन उगवणार. तोवर साफसफाई, सारवण, दळण, सगळं आईच्या गळ्यात, आणि आईचे गुडघे गेलेले. म्हणून मी दरवर्षी लेकीला घेऊन आधीच जायची. त्या वर्षी लेक सातवीत होती. शाळा बुडवायला मिळते म्हटल्यावर माझ्याआधी तिचीच पिशवी भरून तयार.

तिला ओढ होती ती आजोबांच्या ढोलकीची. आमच्याकडे गणपतीत जाखडी नाचतात. मधे ढोलकीवाला आणि गाणारा बसतो, भोवती पायात चाळ बांधून पोरं गोल धरतात. बाबा चाळीस वर्षं वाडीचे ढोलकीवाले. पावसात डिशचा टीव्ही बंद पडला, मोबाइलची रेंज गेली, की संध्याकाळी आमच्या ओटीवर अख्खी वाडी जमायची आणि तालीम सुरू व्हायची. लेक कंबरेला ओढणी बांधून गोलात घुसायची. एक म्हातारा चिडवायचा, "काय गो, महाडच्या बाईसाहेब, चाळ पेलवतात काय?" ती म्हणायची, "तुमचे गुडघे सांभाळा आधी!" आणि सगळे खो खो हसायचे. तिने आजोबांच्या हातांची रील काढली होती. ती किती जणांनी पाहिली ते ती बाबांना रोज सांगायची. बाबा विचारायचे, "मग त्यातला एक तरी नाचायला येतोय का?"

आता त्या घराचं सांगते. घराच्या पाठीला लागून डोंगर. पावसाळ्यात आमच्या माजघराच्या कोपऱ्यात जमिनीतून पाणी फुटायचं. आईने तिथून बारीक चर काढून ते बाहेर सोडलेलं होतं. लहानपणी मी त्यात कागदाच्या होड्या सोडायची. बाबा म्हणायचे, पाणी निवळ हाय तोवर काळजी नाय, लाल झालं की समजायचं डोंगर हलला. हे ते असं सांगायचे की जणू भाजीत मीठ किती घालायचं ते सांगताहेत. पण पलीकडच्या खोऱ्यात दरडीखाली माणसं गेली, तेव्हापासून मी माहेरी पाऊल टाकलं की आधी माजघरात जाऊन ते पाणी बघायची. मग चहा.

त्या वर्षीही बघितलं. निवळ होतं.

पण मोबाइलवर आठवडाभर नुसता पाऊस दाखवत होते, आणि माझ्या डोक्यात दुसरंच भूत शिरलं. वाडीची रीत अशी की सगळ्या घरांचे गणपती एकाच दिवशी, चतुर्थीच्या आदल्या दिवशी, पोलादपूरहून वाजतगाजत आणायचे. वाटेत ओढा, ओढ्यावर फरशीचा बुटका पूल. पाऊस लागला की फरशीवरून पाणी जातं, वर शेवाळ. आणि बाबा सत्तरीचे, डोक्यावर गणपती. मला ते डोळ्यांसमोर दिसायलाच लागलं. पाय सरकतोय, पाट कलतोय, बाबा लाल पाण्यात.

"बाबा, आजच जाऊन घेऊन या ना गणपती. अजून फरशी मोकळी हाय."

"खुळी का काय? सगळ्यांबरोबर आणायचा असतो."

"एक वर्ष नाय आणला सगळ्यांबरोबर तर काय देव रुसणार हाय?"

"देव नाय रुसत. वाडी रुसते."

मी दोन दिवस त्यांचं डोकं खाल्लं. शेवटी जेवणावर रुसले. चाळिशीला आलेली बाई मी, ताट सरकवून बसले! बाबांना माझ्या रुसण्याचं लहानपणापासून वावडं. तिसऱ्या दिवशी सकाळी काही न बोलता त्यांनी टोपी घातली, नातीला हाक मारली आणि चतुर्थीच्या चार दिवस आधीच गणपती घेऊन आले. फरशीपर्यंत रिक्षाने, तिथून डोक्यावरून. आईने दारात ओवाळलं, पायांवर पाणी घातलं. माजघरात पाटावर मूर्ती ठेवली आणि तोंडावर लाल रुमाल टाकला. प्रतिष्ठापना होईपर्यंत तोंड उघडत नाहीत.

मी इतकी खूश की त्या संध्याकाळी तालमीला सगळ्यांना कांदाभजी तळून घातली. शेजारची वहिनी म्हणाली, "तुमचा बाप्पा भारी घाईत!" मीही हसले. म्हटलं, जिंकले.

रात्रभर पाऊस कोसळला. सकाळी तलाठी आणि पोलीस पाटील वाडीत आले. रेड अलर्ट. सगळ्यांनी खालच्या गावातल्या शाळेत जायचं, लगेच. आमच्या वाडीला हे नवं नव्हतं. पावसाळ्यात दोन-तीनदा तरी जावं लागायचंच. लोक शेरडं सोडतात, कोंबड्या डालतात, दाराला कुलूप लावतात आणि चालू लागतात. शाळेत खिचडी, चहा, पत्ते, बायकांची हाउजी. पोरांना तर ती सहलच वाटते.

आईने बोचकं बांधलं. मी गॅस बंद केला. बाबा माजघरात पाटाशेजारी बसलेले.

"बाबा, उठा."

"तुम्ही जा. मी नाय येत."

"म्हणजे?"

"गणपती घरात हाय. घराला कुलूप लावतात काय?"

 घरात गणपती असताना घर रिकामं ठेवत नाहीत, हे मला काय ठाऊक नव्हतं? पण बाकी कुणाच्याही घरी गणपती नव्हता. ते सगळे खुशाल कुलपं लावून निघाले होते. एकट्या आमच्याच घरात होता, आणि तो आणायला लावला होता मी.

"मग गणपतीलाच घेऊन खाली जाऊ," मी म्हटलं.

"उंबरठ्याच्या आत आलेला गणपती विसर्जनालाच बाहेर जातो. पूजा व्हायच्या आधी विसर्जन करू काय त्याचं?"

"अजून प्रतिष्ठापना नाय झाली! माती हाय ती नुसती!"

बोलले आणि जीभ चावली. आईने पटापट स्वतःच्या गालांवर मारून घेतलं. बाबा माझ्याकडे रागाने बघतील असं वाटलं होतं, पण ते मूर्तीच्या रुमालाकडे बघत राहिले. पोलीस पाटलांनी समजावलं, दटावलं, हातही धरला. बाबा जागचे हलले नाहीत. बाहेर बाकीची माणसं, म्हातारी, तान्ही पोरं भिजत उभी होती. पोलीस पाटील म्हणाले, "यांना खाली सोडतो आणि माणसं घेऊन परत येतो. उचलून नेऊ."

मार्ग काढला लेकीने. "आजोबा, मोबाइलला रेंज नाय. तुम्ही दर अर्ध्या तासाने ढोलकी वाजवा. आम्हाला खाली ऐकू येते. म्हणजे आम्हाला कळेल तुम्ही बरे आहात."

"वाजवतो," बाबा म्हणाले. तेवढ्यासाठी त्यांनी मान वर केली.

आणि आम्ही त्यांना तिथे सोडून निघालो. हे वाक्य लिहिताना आजही हात थांबतो. सोडून निघालो आम्ही.

शाळा ओढ्याच्या पलीकडे उंचावर, वाडीच्या बरोबर समोर. चालत वीस मिनिटं, पण हवेतून आवाज थेट यायचा. आम्ही पोचलो आणि थोड्या वेळात पहिली ढोलकी ऐकू आली. लेक टाळ्या पिटत नाचली. आईने हात जोडले. मीही श्वास सोडला. फरशीवर तेव्हा घोट्याएवढं पाणी होतं. पोलीस पाटील माणसं जमवायला गेले, पण दुसऱ्या वाडीतली माणसं आणायची राहिली होती, त्यांना तिकडे पळावं लागलं.

वर्गात मजा चालली होती. एकीकडे पत्ते, एकीकडे पोरांनी मोबाइलवर उतरवून ठेवलेला सिनेमा, बायकांनी गौरीची गाणी धरलेली. कुणी मला हाउजीचं तिकीट आणून दिलं. आकडे पुकारत होते, मी एकही खोडला नाही. पत्र्यावरच्या पावसात ढोलकी नीट ऐकू येईना म्हणून मी उठून बाहेर व्हरांड्याच्या टोकाला जाऊन उभी राहिले.

ढोलकी वाजत होती. ठरल्यापेक्षा जास्तच. अर्ध्या तासाने एकदा म्हटलं होतं, पण बाबा वाजवायला लागले की थांबायचेच नाहीत. मधेच, वेळ झालेली नसतानाही सुरू व्हायचे. द्रुत लय, जोरात, चाळ बांधलेली वीस पोरं भोवती नाचताहेत अशी. तालमीतला तो चिडवणारा म्हातारा बाहेर येऊन म्हणाला, "तुझा बाप रंगात आलाय गो! एकटाच जाखडी करतोय!" सगळे हसले. मीही हसले. मला वाटलं, बाबा आम्हाला धीर देताहेत. काय माणूस आहे, म्हटलं, ह्यांना भीती म्हणून माहीत नाही.

दुपारचे दोन वाजले असतील. ढोलकीची लय चालता चालता मधेच तुटली.

लय संपवून थांबणं वेगळं. चाळीस वर्षं वाजवणारा माणूस असा अर्ध्यात हात उचलत नाही. मी कान दिले. पाऊस, ओढा, आत पत्त्यांचा गलका. लेक म्हणाली, "आई, दमट हवा आहे. पान उतरलं असेल. आजोबा चुलीवर शेकवत असतील." शहाणी पोर. ढोलकीचं कातडं ओलाव्याने सैल पडतं, मग ते विस्तवावर धरावं लागतं, हे तिला आजोबांनीच शिकवलेलं. मी म्हटलं, हो, तसंच असेल. अर्धा तास गेला. मग पाऊण. मी स्वतःलाच सांगत होते, झोप लागली असेल, जेवायला बसले असतील. 

मग खाली बघितलं. वाडीकडून येणारा आमचा पऱ्ह्या, म्हणजे डोंगरातून उतरणारा ओहोळ, जो शाळेसमोर ओढ्याला मिळतो, तो लाल झाला होता. गेरू कालवल्यासारखा. सकाळी आम्ही आलो तेव्हा तो तसा नव्हता.

मी लेकीला म्हटलं, "आजीजवळ बस. हलायचं नाय." आणि पळाले. कुणीतरी मागून हाक मारली, थांब गो, माणसं येतायत. मी थांबले नाही. फरशीवर पाणी पिंढरीपर्यंत चढलं होतं. ज्या फरशीवरून बाबा पडतील म्हणून मी एवढा आटापिटा केला, तिच्यावरून मी चपला हातात घेऊन पळत होते. देवाचं नाव घ्यावं असं वाटलं, पण तोंडच होईना. सकाळी त्याला माती म्हणाले होते ना मी.

वाडीत चिटपाखरू नव्हतं. आमचं दार उघडं. बाबा माजघरात पाटासमोर बसलेले, मांडीवर ढोलकी, दोन्ही हात तिच्यावर पालथे. कोपऱ्यातला चर भरून पाणी पाटापर्यंत आलं होतं. लाल.

"बाबा!"

त्यांनी बघितलं, पण ओळखलं की नाही कोण जाणे.

"बाबा, पाणी लाल झालंय. उठा." मी दंड धरला, ओढलं. सत्तर वर्षांचा किडकिडीत माणूस, पण जमिनीत रुतल्यासारखा. मी रडले, शिव्या दिल्या, पायावर डोकं ठेवलं. म्हटलं, "मी आणायला लावला, पाप माझं, तुम्ही कशाला मरता?" ते नुसते मान हलवत होते. घराच्या पाठीमागे काहीतरी करकरलं. झाडाची मुळं तुटतात तसं.

आणि तेवढ्यात माझ्या मागून आवाज आला. "आजोबा, ढोलकी का थांबवलीत?"

लेक उंबरठ्यात उभी होती. नखशिखांत भिजलेली, धापा टाकत. माझ्यामागून फरशी ओलांडून आली होती.  मी मागे वळून एकदाही बघितलं नव्हतं.

बाबा ताडकन उठले. त्यांचं असं उठणं मी कधी पाहिलं नव्हतं. "हिला कशाला आणलीस वर? अक्कल हाय का तुला?" ते माझ्यावर किंचाळले. उभ्या जन्मात ते माझ्यावर कधी ओरडले नव्हते. नातीचं मनगट धरलं आणि निघाले. अनवाणी, डोक्याला टोपी नाही. घरंगळलेली ढोलकी पोरीने जाता जाता उचलून छातीशी धरली. मी सवयीने दार ओढून घ्यायला गेले, तर बाबा न वळताच म्हणाले, "राहू दे. उघडं राहू दे."

फरशीच्या अलीकडे चार माणसं दोर घेऊन आमच्याकडेच येत होती. त्यांनी आम्हाला धरून पलीकडे नेलं. आई व्हरांड्यात उभी होती, तिने आधी लेकीला एक ठेवून दिली आणि मग पोटाशी धरलं.

दिवस मावळायच्या आत आवाज झाला. फार मोठा नाही. खडीचा ट्रक रिकामा करावा तेवढाच. शाळेतले पत्ते थांबले, गाणी थांबली. आमच्या घराची मागची बाजू, माजघरासकट, खाली बसली होती. ओटी आणि उघडं दार तेवढं उभं होतं. वाडीतलं दुसरं एकही घर गेलं नाही, आणि कुणाला खरचटलंही नाही.

बाबा वर्गाच्या कोपऱ्यात फळ्याखाली बसले होते. मी चहा नेला. शेजारी बसले आणि म्हटलं, "बाबा, मी हट्ट केला नसता तर..."

त्यांनी चहा घेतला नाही.  मग हळू आवाजात, फक्त मला ऐकू येईल असं बोलले.

"सकाळपासून मागे आवाज येत होता गो. दगड सरकल्यासारखा. ढोलकी वाजवली की तो ऐकू यायचा नाय. तुम्हाला वाटलं असेल तुमच्यासाठी वाजवतोय."

"मग बाहेर का नाय पडलात?"

"कुणीतरी बोलवायला येईल म्हणून बसलो होतो. पण पाणी लाल झालं तसे हातपायच गळाले, तू ओढलंस तरी उठता येईना."

आता बाबा आणि आई खालच्या गावात, रस्त्याकडेच्या सपाट जागेवर दोन खोल्यांच्या घरात राहतात. मागे डोंगर नाही. गणपती वाडीबरोबरच येतो, आदल्या दिवशी, आणि मी तोंडातून अवाक्षर काढत नाही. संध्याकाळी तालीम होते, लेक आता कॉलेजला आहे, तरी गोल धरायला येते. ढोलकी तीच आहे. पण बाबांचे हात कधी कधी अचानक जोरात, घाईने चालायला लागतात, आणि गोलातली पोरं खुशीत येऊन आरोळ्या ठोकतात. तेव्हा मी भजी तळायची सोडून बाहेर येते, बाबांच्या शेजारी बसते आणि त्यांच्या मनगटावर हात ठेवते. म्हणते, "बाबा, जरा थांबा." ते थांबतात. पोरं बावचळून बघत राहतात, आणि आम्ही दोघं थोडा वेळ पाऊस ऐकतो.